डॉक्टर हू : ब्रिगेडियर निवृत्त झाला तरी कधी?

निळीपेटी

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीपासून मी आणि माझा लेक (वय १४) ‘डॉक्टर हू’ अगदी पहिल्या भागापासून क्रमाने बघतोय. मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर सुरू झाली, त्यामुळे काम मोठं आहे. साठच्या दशकातले बरेच भाग बीबीसीने पुसून टाकले. तिथे आम्ही त्या वेळच्या चाहत्यांनी घरी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला आवाज ऐकतो आणि स्थिरचित्रं बघतो. लेकाने एक दोनशे पानी वही केलीय. डाव्या पानावर कथेचं नाव आणि ती दाखवली ते साल, उजव्या पानावर कथा ज्या सालात घडते ते साल. परवा रात्री त्याने ती वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, “आई, ब्रिगेडियरचं जमतच नाहीये.”

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉक्टर हा परग्रहावरचा कालप्रवासी. त्याचं यान, टार्डिस, बाहेरून जुन्या ब्रिटिश पोलिसांच्या निळ्या पेटीसारखं दिसतं आणि आतून अफाट मोठं आहे. मरायला टेकला की त्याचं शरीर नव्याने घडतं, चेहरा बदलतो, म्हणून नट बदलले तरी मालिका चालू राहिली. १९७० पासून दाखवलेल्या कथांमध्ये त्याला पृथ्वीवर स्थानबद्ध केलेलं असतं आणि तो ‘युनिट’ नावाच्या लष्करी दलाचा शास्त्रीय सल्लागार होतो. त्या दलाचा प्रमुख ब्रिगेडियर लेथब्रिज-स्ट्युअर्ट. निकोलस कोर्टनी यांनी तो असा उभा केलाय की पहिल्या भेटीतच तो आपल्या घरातला वडीलधारा वाटायला लागतो.

आता गुंता बघा. ‘द वेब ऑफ फिअर’ (१९६८) मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत यती शिरतात. त्यात म्हातारे प्रोफेसर ट्रॅव्हर्स आहेत, ज्यांची हिमालयातली मोहीम १९३५ ची. त्या मोहिमेला चाळीसहून जास्त वर्षं झाली, असं कथेतच बोललं जातं. म्हणजे ही कथा १९७५ च्या पुढची. १९६८ च्याच अखेरच्या ‘दि इन्व्हेजन’मध्ये युनिट पहिल्यांदा दिसतं आणि ब्रिगेडियर म्हणतो, त्या यती प्रकरणाला आता चार वर्षं झाली असतील. आलो १९७९ पर्यंत. ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’ (१९७५) मध्ये डॉक्टरची सोबतीण सेरा जेन स्वतःच्या तोंडाने सांगते की मी १९८० ची आहे. इथवर सगळं एका रांगेत.

आणि मग येते ‘मॉड्रिन अनडेड’ (१९८३). ब्रिगेडियर एका मुलांच्या शाळेत गणित शिकवतोय. साल १९७७, राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चाललाय. सैन्यातून तो १९७६ लाच निवृत्त झालेला आहे!

म्हणजे युनिट उभं राहायच्या आधीच युनिटचा प्रमुख निवृत्त. वहीच्या उजव्या पानावर काय लिहायचं?

मी लेकाला एक नियम सुचवलाय. पडद्यावर जे प्रत्यक्ष दिसतं ते पक्कं धरायचं, आणि पात्र जे नुसतं बोलतं त्याला थोडी सूट द्यायची. माणसं बोलताना साल गोळाबेरीज करून सांगतात. आपण नाही का म्हणत, ‘झाली असतील दहाएक वर्षं’? तुमचं काय मत?

गोदाकाठ

ताई, चिरंजीवांच्या वहीचं मनापासून कौतुक. मी पस्तीस वर्षं वेळापत्रकं जुळवण्याची नोकरी केली, त्यामुळे अशी वही दिसली की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

तुमच्या नियमाआधी एक प्रश्न विचारतो. साक्षीदार किती? वेब ऑफ फिअर, इन्व्हेजन आणि पिरॅमिड्स, या तीन कथा वेगवेगळ्या लेखकांनी लिहिलेल्या. तिन्ही एकमेकींशी जुळतात : १९७५, १९७९, १९८०. न जुळणारी एकच, मॉड्रिन. एका साक्षीदारासाठी तिघांना खोटं पाडायचं का? वेळापत्रकात तीन स्थानकांच्या वेळा बरोबर आणि चौथ्याची चुकलेली असेल तर आम्ही चौथ्याला फोन करायचो.

शिवाय ही माणसं कथा ‘आजच्या’ काळात लिहीत नव्हती. युनिटच्या कथा चार-दोन वर्षं पुढच्या काळात घडतात अशीच त्या वेळच्या निर्मात्यांची कल्पना होती.

लीड्सवासी

काका, पुढच्या काळाबद्दल पूर्ण अनुमोदन. त्याच्या खुणा कथाभर विखुरलेल्या आहेत. ‘दि अँबॅसेडर्स ऑफ डेथ’ (१९७०) मध्ये ब्रिटनची माणसं मंगळावर जाऊन येतायत. ‘द डीमन्स’ (१९७१) मध्ये गावातल्या प्राचीन टेकाडाचं उत्खनन टीव्हीवर थेट दाखवतात ते बीबीसी तीनवर. या नावाची खरी वाहिनी आली २००३ साली. आणि ‘टेरर ऑफ द झायगॉन्स’ (१९७५) मध्ये ब्रिगेडियरला पंतप्रधानांचा फोन येतो तेव्हा तो ताठ होऊन ‘मॅडम’ म्हणतो. थॅचरबाई पंतप्रधान झाल्या मे १९७९ मध्ये. हा भाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या एका शब्दासाठी तीनदा मागे नेला होता.

पण डोळ्यांना काय दिसतं तेही बघा. रस्त्यावरच्या गाड्या, मोठमोठ्या कॉलरी, पायाशी फाकलेल्या पँटी, सगळं सत्तरच्या सुरुवातीचं. निळीपेटी, तुमचा ‘दिसतं ते खरं’ हा नियम इथे लावला तर उत्तर १९७२-७३ येईल.

अर्धविराम

मॉड्रिनचं उत्तर मॉड्रिनमध्येच आहे असं मला वाटतं. त्या कथेत ब्रिगेडियरची स्मृती जाते. १९७७ चा ब्रिगेडियर आणि १९८३ चा ब्रिगेडियर एकमेकांना भिडतात, दोघांच्या स्पर्शातून प्रचंड ऊर्जा बाहेर पडते, आणि १९७७ वाल्याच्या डोक्यातलं बरंच काही पुसलं जातं. १९८३ मध्ये त्याला डॉक्टरचीसुद्धा नीट ओळख राहिलेली नसते. ज्या माणसाला आपला सगळ्यात जवळचा मित्र आठवत नाही, तो ‘मी सात वर्षांपूर्वी निवृत्त झालो’ म्हणाला तर ते साल किती धरायचं?

निळीपेटी

अर्धविराम, हे लेकाला सांगितलं आणि तो पाच मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, “पण आपण स्वतः १९७७ मध्ये जातो ना?”

बरोबर आहे त्याचं. डॉक्टरच्या सोबतिणी टीगन आणि निसा १९७७ मध्ये पोचतात तेव्हा आपणही त्यांच्याबरोबर असतो. आणि तिथे ब्रिगेडियर शाळेत आहेच, त्याची स्मृती जायच्या आधी. ती कुणाची आठवण नाही. १९८३ च्या म्हाताऱ्याने सांगितलेलं सोडून देऊ, पण १९७७ चा मास्तर समोर उभा आहे त्याचं काय करायचं?

खडूफळा

मी शाळेत इतिहास शिकवते. साधनं तपासताना मुलांना मी एकच गोष्ट सांगते : आधी हे कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं आणि लिहिताना त्याच्यापुढे कोणती अडचण होती ते शोधा.

मॉड्रिनमधला शाळामास्तर मुळात ब्रिगेडियर नव्हताच. ती भूमिका इयान चेस्टरटनसाठी योजलेली होती. इयान म्हणजे १९६३ च्या पहिल्या भागातला विज्ञानशिक्षक, डॉक्टरच्या पहिल्या सोबत्यांपैकी एक. मास्तर पुन्हा शाळेत भेटणं किती स्वाभाविक होतं! पण इयान करणारे विल्यम रसेल त्या वेळी उपलब्ध नव्हते, म्हणून जुन्या ओळखीचं दुसरं माणूस शोधलं गेलं आणि ब्रिगेडियर आला. इयान १९७७ मध्ये कुठल्याही शाळेत शिकवत असता तर एकाही चाहत्याची झोप उडाली नसती. लष्करी माणसाला मास्तर केलं आणि त्याच्यामागे युनिटची सगळी वर्षं फरपटत आली.

हे समजल्यापासून मला ती कथा जास्त आवडते. कोर्टनी तिथे दोन वेगवेगळ्या वयांचा ब्रिगेडियर करतात. एक अजून खणखणीत आहे. दुसरा आतून कुठेतरी मोडलाय आणि तो मोडलेपणा शिस्तीखाली झाकतोय. इयानसाठी लिहिलेल्या कथेत हे येऊ शकलं नसतं.

वहीसाठी अजून दोन नोंदी देते. सेरा जेन आणि यांत्रिक कुत्रा के-नाईन यांचा एक स्वतंत्र भाग १९८१ मध्ये आला होता. त्यात डॉक्टरने सेरासाठी पाठवलेलं खोकं १९७८ पासून पडून आहे. सेरा १९८० ची असेल तर खोकं तिच्या आधी कसं पोचलं? म्हणजे हा मॉड्रिनच्या बाजूचा दुसरा साक्षीदार झाला. काका, तुमचं तीन विरुद्ध एक आता तीन विरुद्ध दोन.

दुसरी नोंद ‘द अँड्रॉइड इन्व्हेजन’ची (१९७५). गावातल्या पबमध्ये एक दिनदर्शिका आहे जिच्या प्रत्येक पानावर एकच तारीख : शुक्रवार, ६ जुलै.

गोदाकाठ

खडूफळाताई, तीन विरुद्ध दोन मान्य. पण ६ जुलैचा शुक्रवार आत्ताच काढून बघितला. त्या काळात ६ जुलैला शुक्रवार येतो १९७३, १९७९ आणि १९८४ मध्ये. कथा १९७५ ची, म्हणजे १९७३ मागे पडलं. राहिलं १९७९, म्हणजे सेरा जेनच्या १९८० ला अगदी चिकटून! नेपथ्य करणाऱ्याने मुद्दाम हिशेब केला असेल की जुनी दिनदर्शिका हाताशी होती म्हणून १९७३ चीच टांगली असेल, ते त्यालाच माहीत. पण माझ्या पेन्सिलीने इथे गोल काढलाय.

अर्धविराम

काका, एक अडचण. ते गाव खरं नाहीच. परग्रहावर केलेली हुबेहूब नक्कल आहे ती, आणि सगळी पानं सारखी असणं हीच नक्कल असल्याची खूण आहे. नकलेवरून मूळ गावाची तारीख काढायची का?

गोदाकाठ

नक्कल करणाऱ्याने कशावरून तरी केली असेल ना? प्रत काढताना चूक होते ती प्रत काढणाऱ्याची, पण अक्षर मूळ कागदाचंच असतं.

सांजवात

सगळं वाचतेय. निळीपेटी, तुमच्या ‘दिसतं ते पक्कं’ नियमाबद्दल सांगायचंय, कारण तो पिरॅमिड्समध्येच मोडतो.

तो प्रसंग नीट आठवा. साल १९११, इंग्लंडमधलं एक जुनं घर, आणि कैदेत पडलेला दुष्ट परग्रहवासी सुतेख मोकळा व्हायच्या बेतात. सेरा जेन म्हणते, आपण इथून निघून जाऊ. माझ्या १९८० मध्ये जग शाबूत आहे, म्हणजे सुतेख जिंकला नाहीच. किती बिनतोड वाटतं! डॉक्टर वाद घालत नाही. तो टार्डिस १९८० वर नेतो आणि दार उघडतो. बाहेर काही नाही. उजाड माळ, नुसता वारा. घर नाही, झाड नाही. सेराच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो. मग ते परत १९११ मध्ये जातात, लढायला.

म्हणजे १९८० हे फक्त सेराचं बोलणं नाही. टार्डिस तिथे गेली, आपण दारातून ते बघितलं. डॉक्टरला सेरा कुठल्या वर्षातून आली ते माहीत होतं. तिने साल ढोबळ सांगितलं असतं तर त्याने तिथेच सुधारलं असतं. त्या प्रसंगाचं सगळं वजनच ‘तुझं स्वतःचं वर्ष’ या तीन शब्दांवर आहे. सालात ढिलाई केली तर प्रसंग पोकळ होतो.

मला तरी पिरॅमिड्सचं १९८० हलवणं पटत नाही. मॉड्रिन हलवा, के-नाईनचं खोकं हलवा, हे नको.

निळीपेटी

सांजवात, नियम मागे घेतला. तो प्रसंग आम्ही काल रात्री पुन्हा पाहिला. लेकाने वहीत १९८० भोवती चौकोन काढलाय आणि बाजूला लिहिलंय ‘पक्कं’.

मोरपीस

जरा वेगळ्या दाराकडे वळवते, अगदी शब्दशः. टार्डिसच्या दारावरची पाटी वाचलीय का कुणी? खाली स्पष्ट लिहिलंय, उघडण्यासाठी ओढा. आणि साठ वर्षं सगळे डॉक्टर दार आत ढकलतायत!

लहानपणी मला हे इतकं खटकायचं की मी चुलतभावाशी पैज लावली होती.

लीड्सवासी

मोरपीस, ती पाटी दाराची नाही. नीट बघितलंत तर ती डाव्या बाजूच्या छोट्या कप्प्यावर आहे, आणि त्यावरचा बाकीचा मजकूर आहे की पोलिसांचा दूरध्वनी जनतेसाठी मोफत, मदत ताबडतोब मिळेल. खऱ्या पोलीस पेट्या लंडनमध्ये गिल्बर्ट मॅकेन्झी ट्रेंच यांच्या आराखड्यावरून उभ्या राहिल्या, काँक्रीटच्या. बाहेरच्या कप्प्यात फोन असायचा. रस्त्यावरच्या माणसाने तो कप्पा ओढायचा आणि आतल्या फोनवर बोलायचं. पेटीत शिरायचं काम पोलिसाचं. डर्बीशायरमध्ये क्रिच इथल्या ट्राम संग्रहालयात तशी एक पेटी ठेवलेली आहे.

२००५ च्या ‘दि एम्प्टी चाइल्ड’मध्ये हाच कप्पा उघडतो. आतला फोन वाजतो, आणि डॉक्टर चक्रावतो, कारण तो फोन कशालाच जोडलेला नाही. त्या एका प्रसंगाने मला पाटीचा अर्थ पहिल्यांदा कळला.

मोरपीस

पैज हरले म्हणायची! पण मग २०११ च्या ‘द डॉक्टर्स वाइफ’मध्ये टार्डिसचा आत्मा माणसाच्या शरीरात येतो आणि डॉक्टरला तक्रार करतो की तू सातशे वर्षं दार ढकलतोयस, पाटीवर ओढा लिहिलंय. आता ती तर स्वतः टार्डिस आहे. तिची पाटी तिला कळत नाही असं कसं म्हणणार?

लीड्सवासी

हा मुद्दा आहे खरा. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो संवाद मला इतका आवडतो की शोधायचंही नाही.

दारावरून आठवलं. ‘रिमेम्ब्रन्स ऑफ द दालेक्स’ (१९८८) ही मालिकेच्या पंचविशीची कथा. डॉक्टर परत नोव्हेंबर १९६३ मध्ये जातो, त्याच शाळेत, त्याच भंगाराच्या अंगणात. फाटकावरचं मालकाचं नाव मात्र पहिल्या भागापेक्षा एका अक्षराने कमी लिहिलंय. पण खरी गंमत घरात आहे. डॉक्टरची तरुण सोबतीण एस एका खानावळीवजा घरात आहे. टीव्ही लागतो आणि निवेदक सांगतो, सव्वापाच वाजलेत, शनिवारच्या कार्यक्रमात आता नवी विज्ञान मालिका, आणि नाव पुरं व्हायच्या आत दृश्य बदलतं. ती नवी मालिका कोणती ते आपल्याला लगेच कळतं. पहिल्या भागाची ठरलेली वेळ सव्वापाचचीच होती.

आता खिडकीबाहेर बघा. लख्ख उजेड! मी इथे सतरा वर्षं राहतेय. नोव्हेंबरच्या शेवटी लंडनमध्ये सूर्य चारच्या सुमाराला मावळतो, इकडे उत्तरेला त्याहून लवकर. शाळेतून मुलं आणायला जाताना दिवे लागलेले असतात. सव्वापाचला तर काळोख. ही चूक इथे राहणाऱ्याला चटकन जाणवते.

त्याच खिडकीत एक पाटीही आहे. गोऱ्या नसलेल्यांना खोली मिळणार नाही, अशा अर्थाची. एस ती वाचते आणि तिचा चेहरा बदलतो. ती बाहेर पडते. माझे सासरे साठच्या दशकात सांगलीहून बर्मिंगहॅमला आले. अशा पाट्या त्यांनी दारोदार वाचल्यात. तो प्रसंग आम्ही एकत्र पाहिला तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, “अक्षरं याहून मोठी असायची.” बाहेरच्या उजेडाची चूक मी त्या दिवशी त्यांना सांगितली नाही.

खडूफळा

लीड्सवासी, हे लिहिलंत म्हणून खूप बरं वाटलं.

आपल्याकडच्या लोकांना चूक वाटते पण चूक नाही, अशी एक जागा मी सांगते. ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ (२०१८), लेखक विनय पटेल. डॉक्टरची सोबतीण यास हिची आजी उंब्रीन तरुण आहे, ऑगस्ट १९४७, आणि तिचं लग्न प्रेम नावाच्या हिंदू मुलाशी ठरलंय. माझ्या एका विद्यार्थ्याने विचारलं, स्वातंत्र्य तर १५ ऑगस्टला मिळालं, मग या लोकांना आपण कुठल्या देशात आहोत हे अजून का माहीत नाही? लेखक घसरला का?

नाही घसरला. रॅडक्लिफ यांची सीमारेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला. मधले दिवस पंजाबातल्या कित्येक गावांना झेंडा कुठला लावायचा हेच ठाऊक नव्हतं. कथेतला तो अधांतरीपणा इतिहासाला धरून आहे. चित्रीकरण स्पेनमध्ये झालंय, त्यामुळे डोंगर आणि झाडं परकी वाटतात तेवढीच.

सांजवात

आणि मालिकेचं पहिलं दार उघडणारा माणूसही आपल्याच भागातला. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा. त्या वेळी ते अवघे चोवीस वर्षांचे होते.

त्यांच्याच त्या पहिल्या भागात एक जागा आहे जी मला मुद्दाम सांगायचीय. डॉक्टरची नात सुसान शाळेत पैशांच्या हिशेबात अडखळते, कारण तिला वाटतं ब्रिटनमध्ये दशमान नाणी आहेत. १९६३ मध्ये तिथे अजून पौंड, शिलिंग, पेन्स. वर्ग हसतो. आणि १५ फेब्रुवारी १९७१ ला ब्रिटनने खरंच दशमान पद्धत घेतली. (आपण १९५७ लाच आणे सोडून नवे पैसे घेतले होते. माझी आई त्यानंतरही कित्येक वर्षं चार आणेच म्हणायची.)

सुसानचं खरं ठरलं म्हणून आपण त्याला दूरदृष्टी म्हणतो. मंगळावरच्या ब्रिटिश मोहिमा खऱ्या ठरल्या नाहीत म्हणून त्यांना विसंगती म्हणतो. लिहिणाऱ्यांनी दोन्ही वेळा एकच केलं, थोडं पुढे बघितलं. युनिटच्या सालांचा घोळ तिथूनच सुरू होतो. पुढचा काळ म्हणून जे लिहिलं होतं त्याच्या शेजारून खरी वर्षं निघून गेली. १९८३ मध्ये लिहिणाऱ्याला सत्तरचं दशक हा भूतकाळ होता, आणि त्याला ब्रिगेडियर तिथेच आठवत होता जिथे त्याने त्याला टीव्हीवर पाहिला होता.

अर्धविराम

हे पटलं. आणि नंतरच्या लेखकांनी हा घोळ लपवलाही नाही. ‘द सोंटारन स्ट्रॅटेजम’ (२००८) मध्ये डॉक्टर युनिटमधल्या नोकरीबद्दल म्हणतो की ते सत्तरचं दशक होतं, की ऐंशीचं? त्याला स्वतःलाच खात्री नाही.

खडूफळा

आणि २०१३, पन्नाशीचा खास भाग, ‘द डे ऑफ द डॉक्टर’. केट स्ट्युअर्ट, ब्रिगेडियरची मुलगी, आता युनिटमध्ये वडिलांच्या जागी आहे. ती फोनवर वडिलांची एक जुनी फाइल मागवते. सांकेतिक नाव ‘क्रोमर’. आणि सांगते, सत्तरच्या किंवा ऐंशीच्या दशकात बघा, कालगणनेची कुठली पद्धत धरता त्यावर अवलंबून आहे.

क्रोमर म्हणजे ‘द थ्री डॉक्टर्स’. सगळं युनिट मुख्यालय उचलून भलत्याच विश्वात नेऊन ठेवलंय, आणि बाहेर वाळू दिसल्यावर ब्रिगेडियर ठामपणे सांगतो की हे नॉरफोकचं क्रोमर गाव असणार. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना केटच्या तोंडी तो एक शब्द आला की गलबलून येतं.

सांजवात

कोर्टनी २२ फेब्रुवारी २०११ ला गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या भागात डॉक्टर एका शुश्रूषागृहात फोन लावतो, ब्रिगेडियरशी बोलायला. पलीकडची बाई सांगते, ते काही महिन्यांपूर्वी गेले. तुमच्याबद्दल नेहमी बोलायचे. तुम्ही याल म्हणून एक जादा ब्रँडी ओतून ठेवायला सांगायचे. डॉक्टर फोन ठेवतो. तोवर तो आपल्या मरणापासून पळत होता, त्या फोननंतर पळणं थांबवतो.

त्या मागवलेल्या फाइलवर साल कुठलं असेल, हा प्रश्न मला केटसारखाच सोडून द्यावासा वाटतो. दोन्ही कपाटांत बघायचं.

गोदाकाठ

सांजवातताई, भावना पोचली. पण चिरंजीवांच्या वहीत एक रकाना आहे आणि तो भरावा लागेल. माझी सूचना : युनिटच्या कथांसमोर दोन साल लिहावीत, मध्ये तिरकी रेघ. वरचं पिरॅमिड्सच्या हिशेबाने, खालचं मॉड्रिनच्या. आम्ही वेळापत्रकात उन्हाळी आणि पावसाळी वेळा अशाच लिहायचो, आणि गाडी तीच असायची.

एक विनंतीही आहे. वेब ऑफ फिअरचा तिसरा भाग अजून सापडलेला नाही. २०१३ मध्ये नायजेरियातून बाकीचे परत आले, तो एक आला नाही. ब्रिगेडियरची आणि आपली पहिली भेट नेमकी त्याच भागात आहे. तेव्हा तो कर्नल होता. तो भाग नुसता ऐकताना चिरंजीवांनी त्याचं पहिलं वाक्य वहीत लिहून ठेवावं.

निळीपेटी

काका, दोन सालं आणि तिरकी रेघ, आज संध्याकाळी सगळ्या पानांवर करून झालं. तिसरा भाग उद्या पुन्हा ऐकतोय, दिवे बंद करून.

पण लेक आता डॉक्टरच्या वयावर आलाय. १९७८ च्या ‘द रिबोस ऑपरेशन’मध्ये तो ७५६ सांगतो आणि त्याची सोबतीण रोमाना त्याला सुधारते, ७५९. १९८७ मध्ये ९५३. आणि २००५ मध्ये ९००. वय कमी कसं झालं?

गोदाकाठ

१९६७ च्या ‘द टूम ऑफ द सायबरमेन’मधलं साधारण ४५० धरून सुरुवात करायला सांगा. नवं पान घ्या, आडवं. मी सकाळी चहानंतर बसतो.